लेस विणणाऱ्यांचे आणि विणू पाहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाचण्यांनी भरलेली उशी आणि तिच्यावरून लोंबणारी पंचवीस-तीस बॉबिनं, म्हणजे दोरा गुंडाळलेल्या बारीक काड्या, समोर घेऊन बसलं, की जाणारा-येणारा थांबतोच. कुणी नुसतं बघतं, बरेच जण विचारतात. मी बरीच वर्षं लेस विणते आहे. आठवड्यातून एकदा आम्ही काही जणी आणि दोन पुरुष एकत्र बसून विणतो. तिथे नव्यानं येणाऱ्यांनी आणि जुन्यांनीही पुन्हापुन्हा विचारलेले प्रश्न इथे घेतले आहेत.

लेस म्हणजे नेमकं काय? क्रोशाच्या कामाला लेस म्हणायचं का?

भरतकामाला आधी कापड लागतं. लेसला लागत नाही. दोऱ्यानंच जागा भरायची आणि दोऱ्यानंच ती मोकळी सोडायची. लेसमधलं भोक म्हणजे उरलेली जागा नव्हे. तेही ठरवून, मोजून विणलेलं असतं.

युरोपात ही कला कापडातूनच बाहेर पडली. आधी कापडातले दोरे काढून किंवा चौकोन कापून त्या खिडक्यांमध्ये सुईनं नक्षी भरत. हळूहळू नक्षी वाढली, कापड कमी झालं, आणि सोळाव्या शतकात इटलीतल्या बायकांनी कापड पार सोडून दिलं. त्या कामाला नाव पडलं 'पुन्तो इन आरिया', म्हणजे हवेतला टाका. मला हे नाव अजूनही फार आवडतं.

क्रोशाला लेस म्हणायचं का, यावर वाद घालणारे आहेत. मी म्हणते, जरूर म्हणायचं. १८४०च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक गेलं आणि भीषण दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या बायकांनी क्रोशाच्या सुईवर व्हेनिसच्या सुई-लेसची नक्षी उतरवली आणि ती विकून घरं जगवली. त्या कामाला लेस म्हणायला नकार देण्याचं धाडस मला होणार नाही.

प्रकार इतके आहेत. सुरुवात कशानं करू?

हातात वेळ तुटक असेल, प्रवासात काम करायचं असेल, तर टॅटिंग, म्हणजे सरकत्या गाठींच्या कड्या करून केलेली लेस. एक शटल (दोरा गुंडाळायची बोटाएवढी होडी), दोऱ्याचा एक गुंडा, आणि सगळं खिशात मावतं. सामान कमीत कमी हवं आणि चिकाटी भरपूर असेल तर सुईची लेस: नमुन्याची बाह्यरेषा जाड दोऱ्यानं कापडाच्या दोन थरांवर टाचून घ्यायची, आतली जागा काजटाक्यांनी भरायची, आणि शेवटी दोन थरांच्या मधून बाह्यरेषा टाचलेले टाके कापायचे. लेस अलगद सुटून हातात येते.

आणि चार जणांत बसून, बोलत बोलत काम करायला आवडत असेल तर बॉबिन लेस: उशीवर नमुना लावायचा आणि टाचण्यांच्या आधारानं बॉबिनांवरचे दोरे एकमेकांत विणायचे. माझा जीव तिच्यात आहे, त्यामुळे पुढची बरीच उत्तरं तिच्याबद्दलच आहेत.

एवढी बॉबिनं एका वेळी सांभाळायची कशी? गोंधळ होत नाही?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर सगळ्यांत सोपं आहे: एका वेळी हातात चारच असतात. बाकीची पडून राहतात, आपली पाळी येईपर्यंत.

दोन जोड्या, म्हणजे चार दोरे. त्यांच्याशी फक्त दोन गोष्टी करायच्या. क्रॉस: मधल्या दोन दोऱ्यांपैकी डावा उजव्यावरून न्यायचा. ट्विस्ट: प्रत्येक जोडीतला उजवा डाव्यावरून न्यायचा. बास. जगातली सगळी बॉबिन लेस, कितीही नाजूक असो, या दोन हालचालींची बनलेली आहे. क्रॉस-ट्विस्ट-क्रॉस केलं की कापडासारखी भरीव वीण होते, तिला क्लॉथ स्टिच म्हणतात. नुसतं क्रॉस-ट्विस्ट म्हणजे अर्धा टाका. त्यानं विरळ, तिरप्या जाळीसारखी वीण येते. त्याच दोन जोड्यांवर अर्धा टाका करत राहिलात तर चौपेडी वेणी तयार होते. ज्यांना केसांची वेणी घालता येते त्यांचे हात हे पहिल्याच दिवशी ओळखतात.

क्लॉथ स्टिचमध्ये एक जोडी फिरती असते, बाकीच्या उभ्या. फिरती जोडी डावीकडून उजवीकडे एकेक उभ्या जोडीतून जाते, कडेला टाचणी लागते, आणि परत फिरते. अर्ध्या टाक्यात मात्र फिरत्या जोडीतला एकच दोरा पलीकडे पोचतो, दुसरा वाटेत मागे राहतो. हे कळलं नाही तर नवशिक्या माणसाला वाटतं की आपलं बॉबिन हरवलं. हरवलेलं नसतं, असंच असतं.

सुरुवातीचं सामान काय घ्यावं?

उशी, बॉबिनं, टाचण्या, नमुन्याचं कार्ड (टाचण्यांच्या जागा दाखवणारं), दोरा, कात्री आणि एक बारीक क्रोशाची सुई.

उशीवर पैसे वाचवू नका, पण डौलावरही घालवू नका. उशी घट्ट हवी, एवढंच महत्त्वाचं. पूर्वी पेंढा ठासून ठासून भरत. आता घट्ट फोमच्याही मिळतात आणि त्या हलक्या असतात. टाचणी टोचल्यावर ती उभीच राहिली पाहिजे. मऊ उशीत टाचण्या कलतात आणि मग नमुना कितीही सुबक असला तरी लेस वाकडीच येते. माझी पहिली उशी अशीच मऊ होती. चार महिने मी स्वतःच्या हाताला दोष देत होते.

टाचण्या पितळेच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. साध्या लोखंडी टाचण्या गंजतात आणि गंजाचा डाग दोऱ्यातून निघत नाही. बॉबिनं सुरुवातीला बारा जोड्या पुरतात.

बॉबिनांचे आकार इतके वेगळे का? काहींना मणी कशासाठी?

इंग्लंडच्या मध्य भागातली बॉबिनं सडपातळ असतात, आणि त्यांच्या टोकाला तारेत ओवलेल्या मण्यांची छोटी कडी असते. ती शोभेची वाटते, पण तिच्यामुळे दोऱ्याला वजन मिळतं आणि बॉबिन उशीवर घरंगळत नाही. बेल्जियम, फ्रान्स या बाजूच्या बॉबिनांचं पोट खाली फुगीर असतं, वजन त्यातच. इंग्लंडच्याच डेव्हन परगण्यातल्या होनिटन लेसची बॉबिनं मात्र गुळगुळीत, टोकदार आणि बिनमण्यांची. तिथे वेगवेगळे तुकडे एकमेकांना जोडायला बॉबिन दोऱ्याच्या फासातून ओढून काढावं लागतं. मणी असते तर अडकले असते. व्हिक्टोरिया राणीच्या १८४०च्या लग्नातली लेस याच जातीची होती.

जुन्या इंग्रजी बॉबिनांवर नावं, तारखा, प्रेमाचे शब्द कोरलेले सापडतात. दोऱ्यापेक्षा बॉबिनंच जमवणारी माणसं आमच्यातही आहेत.

दोरा कोणता वापरू? नमुन्यात लिहिलेला दोरा मिळत नाही.

सुरुवातीला सुती, नंतर लिनन. लिननला एक कडकपणा असतो, जाळीचा कोन त्यात धारदार उठतो. पण तो कोरडा पडला की तुटतो. पूर्वी बेल्जियमच्या बाजूला, फ्लँडर्समध्ये, अतिबारीक लिननचा दोरा दमट तळघरांत बसून कातत, ते याचसाठी.

दोऱ्याच्या क्रमांकावर विसंबू नका. क्रमांक जितका मोठा तितका दोरा बारीक, हे साधारण खरं आहे, पण एका कारखान्याचा ६० आणि दुसऱ्याचा ६० सारखे नसतात. त्याऐवजी पट्टीवर दोरा शेजारी शेजारी गुंडाळा, दोन वेढ्यांत फट नको आणि एकावर एकही नको, आणि एका सेंटिमीटरमध्ये किती वेढे बसतात ते मोजा. नमुन्यासाठी सांगितलेल्या दोऱ्याचे वेढे आणि तुमच्या दोऱ्याचे वेढे जुळले, की झालं. जुळत नसतील तर दोरा बदलण्याऐवजी नमुनाच फोटोकॉपीच्या यंत्रावर लहान-मोठा करून घेता येतो.

माझी जाळी सैल, लोंबकळलेली दिसते. काय चुकतंय?

तीन गोष्टी तपासा. टाचणी लावल्यावर दोन्ही जोड्या हळूच, दोन बाजूंना ओढता का? घाईत हे राहून जातं. दुसरं, टाचण्या लवकर काढता का? आतल्या टाचण्या थोड्या आधी काढल्या तरी चालतात, पण कडेच्या बऱ्याच खालपर्यंत तशाच राहू द्या, आणि त्या लावताना किंचित बाहेर झुकवा. तिसरं, बॉबिन आणि काम यांच्यातला दोरा सगळ्या बॉबिनांना सारखा लांब आहे का? कुणाचा चार बोटं, कुणाचा वीतभर, असं असेल तर ताण सारखा येणारच नाही.

दोरा आपोआप उलगडत असेल तर बॉबिनाच्या मानेवरचा फास उलटा बसलाय. रेशीम निसरडं असतं, त्याला फासाचे दोन वेढे द्या.

मध्येच दोरा संपला किंवा तुटला तर?

गाठ मारू नका. नवं बॉबिन जरा मागच्या एखाद्या टाचणीला अडकवा, संपत आलेल्या बॉबिनाबरोबर जोडून घ्या आणि दोघांना एकच दोरा समजून काही टाके विणा. मग जुनं मागे टाका. टोकं नंतर कापायची. हे क्लॉथ स्टिचच्या भरीव भागात केलं तर शोधूनही सापडत नाही. उघड्या जाळीत मात्र लपत नाही. म्हणून दोरा कमी होताना दिसला, की पुढचा भरीव भाग कुठे येतोय ते बघून ठेवायचं.

दहा ओळींपूर्वीची चूक आत्ता दिसली. उसवू का?

मला विचाराल तर, हो. चूक छोटी म्हणून नव्हे. बॉबिन लेसमधली चूक जागेवर राहत नाही म्हणून. एक ट्विस्ट राहिला की दोरे पुढच्या टाक्यात चुकीच्या जागी पोचतात आणि नमुना पुढे सरकत सरकत बिघडतो. उसवण्याचीही रीत आहे: शेवटची टाचणी काढायची, आणि केलं होतं त्याच्या बरोबर उलट्या क्रमानं हालचाली करायच्या. घाईनं ओढलं तर गुंता होतो.

उसवताना टाका जितका नीट कळतो तितका विणताना कळत नाही. आमच्यातल्या सगळ्यांत चांगल्या लेसवाल्या या सगळ्यांत जास्त उसवलेल्या आहेत.

टॅटिंगमध्ये माझी कडी बंदच होत नाही. गाठ सरकत नाही.

गाठ उलटली नाही, म्हणून. टॅटिंगचं सगळं मर्म इथेच आहे. शटलचा दोरा डाव्या हातावरच्या दोऱ्याभोवती वेढा घेतो, पण गाठ तशीच राहिली तर ती घट्ट बसते आणि हलत नाही. वेढा पडल्यावर डाव्या हाताची बोटं सैल सोडा आणि शटलचा दोरा ताणून सरळ करा. वेढा टुणकन उडी मारून डाव्या हातावरच्या दोऱ्याचा होतो, आणि शटलचा दोरा आतून सरळ जातो. आता गाठ सरकते.

शिकताना दोन रंगांचे दोरे गाठून घ्या, एक शटलवर, एक हातावर. टाका हातावरच्या रंगाचा दिसला तर बरोबर; शटलच्या रंगाचा दिसला तर उलटलेला नाही. आठवडाभर हे जमत नाही आणि मग एका संध्याकाळी बोटांना अचानक कळतं. तोवर सोडू नका.

एक तुकडा व्हायला किती वेळ लागतो?

जाड दोऱ्याची साधी पट्टी असेल तर एखाद्या दुपारी वीतभर होईल. दुसऱ्या टोकाला फ्रान्समधली आलाँसोंची सुई-लेस आहे: एका चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ तास. ती पूर्ण शिकायला ७ ते १० वर्षं लागतात. २०१० साली युनेस्कोनं तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

विणताना गप्पा मारता येतात का? लक्ष जात नाही?

जाळी आणि क्लॉथ स्टिच चालू असेल तर खुशाल बोला. हात आपोआप चालतात. पानं विणताना मात्र गप्प. पान म्हणजे दोन जोड्यांतला एकच दोरा बाकीच्या तिघांतून मागेपुढे नाचवायचा असतो, आणि त्या दोऱ्यावर जरा जास्त ताण आला की सगळं पान आक्रसून काडी होते. आमच्यात कुणी "पान" एवढंच म्हटलं की बाकीच्या दोन मिनिटं तिच्याशी बोलत नाहीत.

एकत्र बसण्याचे असे काही संकेत हळूहळू ठरत गेले. दुसऱ्याच्या उशीला न विचारता हात लावायचा नाही. एक बॉबिन इकडचं तिकडे झालं तर अर्धा तास जातो. दुसऱ्याच्या कामात चूक दिसली तर आधी "सांगू का?" असं विचारायचं. नवीन माणसाचं बॉबिन स्वतःच्या हातात घेऊन दाखवायचं नाही. आपल्या उशीवर करून दाखवायचं, त्यानं त्याच्या उशीवर करायचं. हा शेवटचा संकेत मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. माझ्या हातातलं काम घेऊन पूर्ण करून देणाऱ्यांकडून मी काहीच शिकले नाही. शेजारी बसून सावकाश तोच टाका पुन्हापुन्हा करत राहिलेल्या एका वयस्कर बाईंकडून सगळं शिकले.

आणि गप्पा लेसच्याच असतात असं नाही. आजारपणं, मुलांच्या परीक्षा, कुणाचं घर बदलणं, सगळं निघतं. नजर उशीवर असते, समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, म्हणून अवघड गोष्टीही बोलता येतात.

पूर्वीच्या लेसवाल्याही अशाच गप्पा मारत असतील ना?

एकत्र बसत, पण त्या बसण्यात आणि आपल्या बसण्यात अंतर आहे. इंग्लंडमधल्या लेसशाळांत पाच-सहा वर्षांची मुलं दिवसभर उशीपुढे बसत. कामाची गती राहावी म्हणून टाचण्या मोजण्याची गाणी असत. तालावर गायचं आणि तालावर टाचण्या लावायच्या. संध्याकाळी एका मेणबत्तीभोवती पाण्यानं भरलेले काचेचे गोळे ठेवत. उजेड त्या पाण्यातून गोळा होऊन एकेकीच्या उशीवर पडे. ज्यांचं काम सगळ्यांत चांगलं त्या गोळ्याजवळ, बाकीच्या मागच्या रांगेत, अंधुक उजेडात.

लेस घालणारे श्रीमंत होते, विणणाऱ्या गरीब. १६६५ मध्ये फ्रान्सचा मंत्री कोल्बेर यानं परदेशी लेसवर जाणारा पैसा थांबवावा म्हणून देशात लेसचे कारखाने काढले आणि व्हेनिसच्या कारागिरांना बोलावलं. राज्याच्या तिजोरीला जाणवावा एवढा तो पैसा होता. विणणारीच्या हाती त्यातलं फार थोडं येई. जुना तुकडा भिंगाखाली बघताना मला हे आठवतं. आपण हौसेनं करतो ती हालचाल कुणाच्या तरी पोटासाठी होती.

डच चित्रकार व्हर्मीरचं लेसवालीचं चित्र पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे, १६६९-७० च्या सुमाराचं, जेमतेम २४ सेंटिमीटर उंच. त्यातली मुलगी एकटी आहे, खाली वाकलेली. दोन्ही हातांतली बोटं ज्या कोनात आहेत, तो कोन विणणाऱ्याला लगेच ओळखू येतो.

यंत्र सगळं करतं, मग हातानं कशाला?

इंग्लंडमध्ये जॉन हीथकोटनं १८०९ साली बॉबिन-जाळीच्या यंत्राचं पेटंट घेतलं, १८१३ मध्ये जॉन लीव्हर्सचं यंत्र आलं आणि जाळी स्वस्त झाली. १८१६ मध्ये हीथकोटचा लफबरोचा कारखाना यंत्रफोड्यांनी फोडला. तो टिव्हर्टनला निघून गेला. हातानं विणणाऱ्यांचा धंदा पुढे हळूहळू खालावत गेला. म्हणजे गरजेचा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वीच निकालात निघाला. आज जो विणतो तो विणायला आवडतं म्हणून विणतो, आणि मला हे कारण पुरेसं वाटतं.

हातची लेस आणि यंत्राची लेस ओळखायची कशी?

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. दोरे कापडासारखे एकमेकांवरून-खालून जाताना दिसले तर बॉबिन लेस. काजटाक्यांच्या रांगा दिसल्या तर सुईची. दोरा नुसता नागमोडी फिरलाय, कडा केसाळ आहेत, आणि कुठलीच वीण लागत नाही, तर ती रसायनात पाया विरघळवून केलेली यंत्राची. हातच्या कामात दोन फुलं कधीच तंतोतंत सारखी नसतात, यंत्राच्या कामात चूकसुद्धा ठरावीक अंतरानं परत येते.

मान आणि डोळे दुखतात.

उशी उंच करा, मान खाली घालू नका. उजेड समोरून नको, बाजूनं हवा. कार्डावर फिकट निळी पारदर्शक चिकटफिल्म लावा. पांढऱ्यावर पांढरा दोरा बघत राहिल्यानं डोळे सर्वांत लवकर थकतात. अर्ध्या तासानं उठा.

दुसऱ्याचा नमुना कॉपी करून मैत्रिणीला दिला तर चालेल का?

शेकडो वर्षांपूर्वीचे छापील नमुने सगळ्यांचे आहेत. व्हेनिसमध्ये १५५७ सालीच बॉबिन लेसच्या नमुन्यांचं पुस्तक छापलं गेलं होतं. पण आज हयात असलेल्या कुणी आखलेला नमुना तिला विचारल्याशिवाय वाटू नका. एक नमुना आखायला, विणून बघायला, पुन्हा आखायला महिने जातात. आणि आखणाऱ्या फार थोड्या उरल्या आहेत.

पुरुषांनी किंवा मुलांनी शिकलं तर?

शिकावं की. स्लोव्हेनियातल्या इद्रियाची लेसशाळा १८७६ पासून चालू आहे आणि तिथे आजही मुलंमुली शिकतात.

लेस धुवायची आणि ठेवायची कशी?

कोमट पाणी, सौम्य साबण, आणि लेस एखाद्या जाळीदार कापडावर ठेवून पाण्यात सोडायची, म्हणजे उचलताना तिचं वजन तिच्यावर येत नाही. चोळायचं नाही, पिळायचं नाही. ओली असतानाच उशीवर टाचण्यांनी आकारात पसरून वाळवा. ठेवताना घडी घालू नका, आम्लरहित कागदाबरोबर नळीवर गुंडाळा आणि अंधारात ठेवा. घडीवरचा दोरा आधी झिजतो. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आत दमट राहतं.

पहिला तुकडा वाकडातिकडा झालाय. त्याचं काय करू?

त्याच्या टोकाला तारखेची चिठ्ठी बांधून ठेवा. आमच्याकडे नवीन कुणी आलं, की पहिल्या दिवशी आम्ही सगळे आपापले पहिले तुकडे काढून टेबलावर मांडतो. माझा साडेचार इंच आहे, एका बाजूला पंख्यासारखा फाकलेला, त्या मऊ उशीवरचा. लोक तो हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघतात, आणि मग स्वतःच्या बॉबिनांवर दोरा गुंडाळायला लागतात.